वर्षातली माणसं निवडताना

सप्रेम आशीर्वाद.

‘२०२४ची माणसं’ या पानासाठी तू केलेली यादी काल रात्री दोनदा वाचली. अकरा नावं आहेत आणि त्यातली आठ कुणीही झोपेतून उठून सांगेल अशी. मीही कितीतरी वर्षं डिसेंबरात जुन्या अंकांचे गठ्ठे उपसून, ज्यांचे फोटो जास्त वेळा छापले गेले त्यांनाच घेत असे. ते चुकीचं होतं, असं आता ठामपणे वाटतं. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहून बघ: या माणसाने असं काय ठरवलं, जे ठरवलं नसतं तरी कुणी बोल लावला नसता?

या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर जिझेल पेलिको. त्या तुझ्या यादीत नाहीत, हे मला खुपलं. दक्षिण फ्रान्समधल्या माझान गावात राहिलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी. नवरा जवळजवळ दहा वर्षं त्यांना गुंगीचं औषध देऊन परक्या पुरुषांना घरी बोलावत होता, त्यांच्याकडून बलात्कार करवत होता. २०२०मध्ये सुपरमार्केटात बायकांचं चोरून चित्रीकरण करताना तो पकडला गेला, पोलिसांनी त्याचे कॉम्प्युटर तपासले, तेव्हा कुठे बाईंना स्वतःबाबत काय घडलं ते कळलं. खटला बंद दाराआड चालवून घ्यायचा हक्क त्यांना होता. त्यांनी तो सोडला. आविन्योंच्या कोर्टात त्या चित्रफिती सर्वांसमोर दाखवल्या जाव्यात, असाही आग्रह धरला. लाज वाटायची तर ती त्या पुरुषांना वाटू दे, मला का वाटावी, हे त्यांचं म्हणणं. १९ डिसेंबरला ५१च्या ५१ आरोपी दोषी ठरले. नवऱ्याला २० वर्षं.

आणि आडनाव! घटस्फोटानंतरही खटल्यात त्यांनी पेलिको हेच नाव वापरलं, कारण नातवंडांचं आडनाव तेच आहे. त्या पोरांना ते लपवावं लागू नये. हे वाचलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्यांच्यावर लिहिताना ‘अभागी’, ‘बिचारी’ हे शब्द येऊ देऊ नकोस. आपल्याकडे पीडितेचं नाव छापायला कायद्याची मनाई आहे, आणि ती हवीच. पेलिकोबाईंनी नाव दिलं ते स्वतःच्या मर्जीनं, हा फरक वाचकाला नीट समजावून सांग.

गुकेशला तू घेतलंस ते ठीक. अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता म्हणजे घ्यायलाच हवा. पण त्याच पटाच्या पलीकडे बसलेल्या डिंग लिरेनला दोन ओळी दे. २०२३मध्ये विजेतेपद मिळाल्यावर हा माणूस नैराश्याने खचला होता आणि ते त्याने जगासमोर सांगितलं. सगळे त्याला संपलेला समजत होते, तरी गुकेशशी लढतीला सिंगापूरला आला, पहिला डाव जिंकला, चौदाव्या डावापर्यंत बरोबरीत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला हत्ती चुकीच्या घरात गेला आणि सगळं हातचं गेलं. तरीही हा निकाल रास्तच आहे, असं तो म्हणाला.

स्वप्निल कुसाळेबद्दल मात्र तू घाई केलीस. ‘खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’ एवढ्यावर थांबलीस. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रायफल नेमबाजीतल्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. अंतिम फेरीत तो आधी मागे होता आणि उभ्याने वर सरकला, ४५१.४ गुणांवर कांस्य. उभ्याने रायफल सर्वांत जास्त हलते. तो परिच्छेद तिथून सुरू कर.

आणि नुसतं ‘कोल्हापूरचा’ लिहू नकोस. कांबळवाडी, तालुका राधानगरी. मजकूर बुधवारपर्यंत पाठव, पान लागायच्या आधी एकदा बघून देतो.