बैल विकले, आता बेंदूर कसा करायचा?

प्रश्न : ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. लेक-जावई अमेरिकेत असतात. मागच्या नोव्हेंबरात मी तिथं होते तेव्हा शेजारच्यांनी आम्हाला थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलं होतं, सगळे टेबलाभोवती बसले आणि एकेकानं आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगितलं. घरी आल्यावर नातू म्हणाला, आज्जी, आपल्याकडं असा सण असतो का? मी लगेच म्हटलं, हो की, बैलांचे आभार मानायचा बेंदूर असतो. पण आता दावणीला बैलच नाहीत, बाग झाली, ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी विकून पण बरीच वर्षं झाली. आमचे हे म्हणतात बैल नाहीत तर बेंदूर कसला, पोळ्या करा आणि खा. आता नातू शाळेच्या सुट्टीत येतोय, नेमका बेंदराला इथं असेल. त्याला काय दाखवू?

उत्तर : काकी, तुमच्या तोंडून जे उत्तर गेलं ते शंभर टक्के बरोबर गेलं, त्यात काहीच कमीजास्त नाही. तिकडचा सण पण मुळात शेतीचाच, सुगीचा आहे. 1621 साली अमेरिकेतल्या प्लिमथला इंग्लंडहून येऊन राहिलेल्या लोकांच्या घरात पीक आलं तेव्हा तिथल्या मूळच्या वांपानोग लोकांसोबत त्यांची तीन दिवस जेवणं झाली, तिथून ही गोष्ट सांगतात. पुढं 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकननी देशभरासाठी एक दिवस जाहीर केला आणि 1941 च्या कायद्यानं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. (मूळच्या लोकांपैकी बरेच जण तो दिवस शोकाचा मानतात, कारण नंतर त्यांच्या जमिनी गेल्या. नातू थोडा मोठा झाला की हे पण त्याला सांगा, लपवू नका.)

पण आपल्या बेंदराची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याचे आभार मानायचे तोच त्या दिवसाचा पाहुणा असतो, पुरणपोळी आधी त्याच्या तोंडात जाते मग घरातल्यांच्या ताटात. आणि आभार बोलून नाही मानायचे, हातानं मानायचे.

म्हणून माझं ऐकाल तर नातवाला मिरवणूक दाखवायच्या आधी खांदमळण दाखवा. मुलं बहुतेक मिरवणूकच बघतात, डॉल्बी, गुलाल, मोबाईलवर रील, आणि आदल्या संध्याकाळी गोठ्यात जे होतं ते राहूनच जातं. जू जिथं बसतं ना, वशिंडाच्या पुढं, तिथलं कातडं वर्षभर घासून घासून जाड झालेलं असतं, केस गेलेले असतात, काही बैलांच्या खांद्याला तर गाठच आलेली असते. तिथं हळद आणि तूप, नाहीतर तेल, कोमट करून तळहातानं दाबून दाबून चोळायचं. आमचे आजोबा चोळायला लागले की बैल मान खाली सोडायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि हात थांबला की मान वळवून त्यांच्याकडं बघायचा, आणि आजोबा पण "हां हां, चोळतो की" असं त्याला म्हणायचे, जसं काय घरातलंच माणूस बोललं. हळद तर आपल्या सांगलीचीच, तिला 2018 मध्ये जीआय मानांकन पण मिळालंय, तीच वाटीत घेऊन जा.

घेऊन जा म्हणते कारण तुमच्याकडं बैल नसले तरी गावात कुणाकडं तरी असतीलच. कोळपणीला अजून बरेच जण बैलच वापरतात आणि बैलगाडा शर्यतींमुळं खिलार जातीचे बैल परत दिसायला लागलेत, 2014 ला शर्यतींवर बंदी आलेली, डिसेंबर 2021 मध्ये कोर्टानं परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं पण ती कायम ठेवली. ज्यांच्याकडं जोडी आहे त्यांना दोन दिवस आधीच सांगून ठेवा, की नातू येणारे, त्याला खांद मळू द्याल का, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त मालक जवळ उभा पाहिजे, खिलार तापट असतो, अनोळखी हात लगेच घेत नाही. पोरानं समोरून, बैलाला दिसेल असं जावं, मागून अजिबात नको. आणि पोळी एखाद-दुसरीच चारा. माया म्हणून घरोघरच्या पोळ्या खाऊ घालतात आणि रात्री बैलाचं पोट फुगतं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर शोधत फिरायची वेळ येते. शिंगांना ऑइल पेंट चोपडतात तेही मला पटत नाही, गेरू लावा, वर गोंडे बांधा, छान दिसतं की.

घरात मातीची जोडी पाहिजेच. ती प्लॅस्टिकची किंवा ऑनलाईन मागवलेली नको, नातवाला कुंभाराच्या घरी घेऊन जा, त्याच्या हातानं निवडू दे. पैसे द्याच पण सोबत पायलीभर धान्य पण द्या, पूर्वी बलुतं असायचं, त्या घराचे हात पण आपल्या सणात राबतात. जोडी पाटावर ठेवायची, हळदकुंकू, पोळीचा नैवेद्य. संध्याकाळी वेशीत कर तोडतात तुमच्याकडं? पिंपळाची पानं बांधलेली ती दोरी बैल तोडतो ते पोरांना जाम आवडतं, दाखवाच.

आता काकांचं. ते बैल नाहीत तर बेंदूर कसला म्हणतात ते मला आळसाचं नाही वाटत, ज्यानं स्वतःच्या हातानं जोडी विकली त्याला हा दिवस जड जातो, बऱ्याच घरांत बघितलंय मी. काहीजण त्या दिवशी ट्रॅक्टरला हार घालून मोकळे होतात, मला ते बरोबर वाटत नाही, ट्रॅक्टरला खंडेनवमी आहे की. त्यापेक्षा रात्री जेवताना काकांना नातवासमोर बोलतं करा. जोडीची नावं काय, कोण डाव्या अंगाला चालायचा कोण उजव्या, कुठल्या बाजारातनं आणलेले, खरसुंडीच्या का पुसेगावच्या, कोण मारका आणि कोण गरीब. विहिरीची मोट, नाहीतर लेकीच्या कॉलेजची फी, कुठल्या वर्षी कुणाच्या जिवावर निघाली. अमेरिकेतल्या टेबलावर जे ऐकलं त्याच धर्तीचं आहे हे, फक्त इथं आभार ज्याचे त्याचं नाव घेऊन. आणि काका बोलत असतील ते लेकीला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा, त्यांना न सांगता नको, सांगून.

प्रश्न : आम्ही कोरेगावचे, सून लातूरची आलीय. ती म्हणते बैलांचा सण श्रावणात, आम्ही करतो आषाढात, आणि कॅलेंडरवर ज्येष्ठातच बेंदूर लिहिलेला. खरा कुठला?

उत्तर : सगळे खरे. ज्येष्ठ पौर्णिमेचा तो कर्नाटकी बेंदूर, तो सीमेकडच्या गावांत जास्त. आपला महाराष्ट्री बेंदूर आषाढात, पौर्णिमेच्या आसपास. सुनेकडं मराठवाड्यात पोळा, श्रावण अमावास्येला, विदर्भात पण तोच. पुण्याकडं काही गावांत तर भाद्रपद अमावास्येला असतो. तुमच्या घरी बेंदूर तुमच्या पद्धतीनं होऊ द्या आणि पोळ्याला सुनेच्या हातून मातीचे बैल पुजू द्या, त्या दिवशी पिठोरी अमावास्या पण असते, तिच्या माहेरी काय काय करायचे ते तिला विचारा आणि तसंच करू द्या. दोनदा पुरण शिजलं तर काय बिघडतंय. पाडव्याला नवीन पंचांग आणलं की दोन्ही तारखांवर खूण करून ठेवा म्हणजे ऐनवेळी घोळ नको.