'भूल बाधली' की 'भूल सोसली नाही'?

सोलापूरच्या साखर पेठेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल दिल्यावर तिचा रक्तदाब धाडकन उतरला, लवकर वर येईना. डॉक्टर म्हणाले, हार्मोन कमी पडला. घरी मात्र सगळे 'आत्याला भूल बाधली' असंच म्हणतात. हे बरोबर का? आणि भूल म्हणजे चूक, मग इंजेक्शनला भूल का म्हणायचं?"

शेवटचं आधी घेतो, ते सोपं आहे. भूल म्हणजे मुळात भान सुटणं. हिशेबात सुटलं की 'चूकभूल द्यावी घ्यावी', रानात वाट सुटली की 'भूल पडली', एसटीत कुणी काहीतरी हुंगवून गाठोडं लांबवलं की 'भूल घातली'. डॉक्टर भूल घालत नाहीत, देतात. एवढं क्रियापद बदललं आणि चोराचा शब्द दवाखान्यात रुजू झाला! आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू शेजारी तिला 'मत्तु' म्हणतात, म्हणजे नशा. कन्नडमधला पुस्तकी शब्द आहे 'अरिवळिके', जाणीव मावळणं. आपल्या भुलेत दोन्ही आहे: भान तर जातंच, शिवाय दारूसारखी ती चढते आणि उतरते.

आता 'बाधणे'. बाधतं ते बाहेरचं असतं: शिळं अन्न, गार वारा, कुणाची दृष्ट. दोष सगळा त्या वस्तूचा. तुमच्या आत्यांच्या बाबतीत मला हेच क्रियापद खटकतं.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, तयार करतात. शस्त्रक्रियेचा ताण आला की निरोगी शरीर ते जास्त सोडतं, रक्तदाब टिकायला त्याचा आधार असतो. पण दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या, म्हणजे कॉर्टिसॉलसारख्याच औषधाच्या, गोळ्या घेतल्या, तर बाहेरून आयतं मिळतंय म्हणून या ग्रंथी सुस्तावतात. (सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही कधीकधी स्टेरॉइडच मिसळलेलं असतं.) अशा माणसाला भूल दिली की कधीकधी रक्तदाब उतरतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, हायड्रोकॉर्टिसोन (औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल) दिल्यावर सावरतो. औषध तेच, मात्रा तीच. कमी पडलं ते शरीर.

यासाठी मराठीत नेमकं क्रियापद आहे, 'सोसणे'. दुधाला नावं न ठेवता आपण 'मला दूध सोसत नाही' म्हणतोच की. तसंच 'आत्याला भूल सोसली नाही'. 'मानवली नाही' हेही चालेल, पण ते जरा मवाळ आहे, कोकणातली हवा न मानवल्यासारखं.

'बाधली' अगदीच टाकाऊ नाही. एटोमिडेट नावाचं भुलेचं एक औषध स्वतःच अ‍ॅड्रिनलची कॉर्टिसॉलनिर्मिती काही तास दाबून ठेवतं, अगदी एका मात्रेनेही. तिथे खुशाल 'बाधली' म्हणा.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. पुढच्या वेळी भूलतज्ज्ञाला 'मागे भूल बाधली होती' एवढंच सांगितलं, तर तो अ‍ॅलर्जीच्या दिशेने विचार करू लागेल. 'रक्तदाब उतरला होता, कॉर्टिसॉल कमी निघालं होतं, अमुक गोळ्या चालू होत्या' असं सांगा आणि जुने कागद दाखवा.

असाच गोंधळ 'तिला थायरॉइड आहे' यातही आहे. ती ग्रंथी सगळ्यांनाच असते! पण 'शुगर आहे', 'बीपी आहे' यांच्या पंगतीत तीही बसली, आता उठायची नाही. भूलतज्ज्ञापुढे मात्र कमी की जास्त, हे सांगायलाच हवं. फार कमी असेल तर भूल उतरायला वेळ लागतो, अंग गार पडतं; जास्त असून आटोक्यात नसेल तर नाडी बेफाम धावू शकते.

राहता राहिला 'हार्मोन'. 1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो ग्रीक धातूवरून रूढ केला. त्या धातूचा अर्थ चेतवणं, कामाला लावणं. 'संप्रेरक'ही तेच सांगतो, त्यामुळे लिहिताना मी तोच वापरतो. बोलताना मीही 'हार्मोन्स'च म्हणतो, एकच असला तरी.