बाँडवर सही केलीय, आता सुटका नाही का?

हा प्रश्न जळगावात माझ्याकडे येणारी आयटीतली मुलं फार विचारतात. त्यातल्या एकाची गोष्ट, ओळख बदलून.

चोपडा तालुक्यातला मुलगा, वय 25, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा, रात्रभर झोप नाही. दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड, म्हणजे लेखी करार; आधी सोडली तर तीन लाख भरायचे. मूळ मार्कशीट आणि पदवी कंपनीच्या कपाटात. मॅनेजर ऐकवायचा, "तुझ्यासारखे दहा मिळतील." सोबत आलेले वडील म्हणाले, "सही करी टाकी ना, मंग आते कसाले रडस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नाही.

मी मुलाला एवढंच विचारलं, दहा मिळत असतील तर एकाला अडवून का धरलंय? तो बराच वेळ गप्प बसला. त्या सॉफ्टवेअरचा एक अख्खा भाग फक्त त्यालाच कळत होता, हे त्याने पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

मग कागद काढला. बाँड म्हणजे निव्वळ धाक असं मी कुणाला सांगत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 नुसार करार मोडला तर वाजवी भरपाईच मागता येते; लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. या मुलाचं प्रशिक्षण तीन आठवड्यांचं, नोकरीला 14 महिने झालेले; मग तीन लाख वाजवी कसे? आणि सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही, अशी अट कलम 27 खाली टिकत नाही. वकिलाला कागद दाखवायला मी सांगितलंच.

वडिलांना मात्र कलमांनी पटलं नाही. त्यांना मी केळीचं विचारलं. घड तयार झाला की व्यापारी म्हणेल तो भाव, कारण केळी थांबत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, म्हणून कापसाला निदान वाट पाहता येते. "तुमचा मुलगा आज केळी आहे," मी म्हटलं, "हातात दोन महिन्यांचाही खर्च नाही, वर गाडीचा हप्ता." ते मुलाकडे बघत राहिले. गाडी त्यांच्याच हट्टाने घेतलेली होती.

राजीनाम्याआधी त्याने दोन मेल लिहिल्या, फोन नाही: मूळ कागद परत द्या आणि प्रशिक्षणावर झालेला खर्च लेखी कळवा. पहिली मेल पाठवताना त्याचा हात थरथरत होता, माझ्यासमोरच पाठवली. नऊ दिवसांनी कागद कुरिअरने घरी आले. खर्चाचं उत्तर अजून नाही, पण "दहा मिळतील" बंद झालंय.

गाडी विकली. राजीनामा अजून दिलेला नाही. चार महिन्यांचा खर्च साठलाय, सहा झाले की देतो म्हणतो. झोप लागते.