समुद्राची पातळी वाढून एखादं मोठं किनारी शहर बुडू शकतं का?

हो, बुडू शकतं. पण एका रात्रीत सगळं गिळणारी लाट डोळ्यांसमोर आणू नका. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. ऐकायला वीतभरच, पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हीच वीत घात करते. गटारांतलं पाणी समुद्रात जायचं सोडून उलटं फिरतं आणि रस्त्यावरच्या झाकणांतून वर येतं. त्यात काही शहरांची जमीनही खचतेय. जकार्तात भूजलाच्या बेसुमार उपशामुळे काही वस्त्या समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या आहेत. माझ्या मते आधी याकडेच बघायला हवं, कारण उपसा थांबवणं शहराच्या हातात असतं. टोकियोनं तो आवरला आणि तिथलं खचणं बरंच थांबलं.