घरी बनवलेल्या बायोडिझेलची आम्लता कमी खर्चात कशी तपासावी? पीएच पट्टी चालेल का?

पट्टी चालणार नाही. पीएच ही पाण्यात मोजायची गोष्ट आहे आणि बायोडिझेलमध्ये पाणी नसतंच (नसायला हवं). पट्टी नुसती तेलकट होते आणि जो रंग दिसतो त्याला काही अर्थ नसतो. काही जण बायोडिझेल पाण्यात घुसळून खालच्या पाण्याचा पीएच बघतात. त्यातून बायोडिझेल बनवताना घातलेला आणि धुण्यात राहिलेला कॉस्टिक (तीव्र अल्कली) कळेल, पण आपल्याला शोधायची आहेत ती मोकळी फॅटी ॲसिडं, म्हणजे तेलातून सुटी झालेली आम्लं. ती पाण्यात उतरतच नाहीत, तेलातच बसून राहतात आणि पुढे पंप-नोझलला त्रास देतात.

त्यामुळे टायट्रेशनच करावं लागतं, म्हणजे रंग बदलेपर्यंत माहीत असलेलं अल्कलीचं द्रावण थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजायचं. घाबरू नका, बारावीच्या प्रॅक्टिकलपेक्षा सोपं आहे. मी कडबाकुट्टीच्या जुन्या इंजिनासाठी फरसाणवाल्यांकडच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करतो आणि प्रत्येक घाण्याला ही चाचणी करतो.

सामान असं: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सुईशिवायच्या ५ मिली आणि १ मिलीच्या सिरिंजा, काचेचा ग्लास, आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात ते ९९ टक्क्यांचं; सॅनिटायझर नको), डिस्टिल्ड वॉटर, कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि फिनॉल्फ्थॅलीन (आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी होणारं द्रव्य). कॉस्टिक पोटॅश म्हणजे खताचं पोटॅश नव्हे. ते केमिकलच्या दुकानातच मिळतं. हाताला लागलं तर भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवा आणि प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवा. प्रमाण मुद्दाम हेच घ्यायचं, कारण मग १ मिली द्रावणात बरोबर १ मिलिग्रॅम पोटॅश येतं आणि पुढचा हिशेब तोंडी होतो.

आता मुख्य काम. ग्लासात ५० मिली अल्कोहोल घ्या, फिनॉल्फ्थॅलीनचे चार-पाच थेंब टाका. बायोडिझेल अजून घालायचं नाही! अल्कोहोल स्वतःच थोडं आम्ल असतं, म्हणून आधी १ मिलीच्या सिरिंजने पोटॅशचं द्रावण थेंबथेंब सोडत त्यालाच फिकट गुलाबी करून घ्या. ही पायरी गाळली तर अल्कोहोलचं आम्लही बायोडिझेलच्या नावावर चढतं. आता ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा आणि १० ग्रॅम बायोडिझेल ओता. सिरिंजने मोजू नका, बायोडिझेलने तिचं रबर फुगून अडकतं. काटा तेवढं वजन घेत नसेल तर बायोडिझेल हलक्या वाटीत मोजा आणि वाटी त्याच अल्कोहोलने खळबळून ग्लासात घ्या.

गुलाबी रंग जाईल. मग ५ मिलीची सिरिंज भरून द्रावण सोडत राहा आणि ग्लास गोल फिरवत राहा. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि फिरवताच विरतो. तो विरायला वेळ लागू लागला की हात आखडता घ्या, एकेक थेंब सोडा. पूर्ण ग्लास फिकट गुलाबी होऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो उडतोच, त्याच्या मागे लागू नका.

बायोडिझेल घातल्यानंतर जेवढे मिली लागले त्याला १० ने भागा, की आम्लांक आला, म्हणजे एक ग्रॅम बायोडिझेलमधलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं तो आकडा. बायोडिझेलच्या आपल्या आयएस १५६०७ या भारतीय मानकात मर्यादा ०.५० आहे, म्हणजे १० ग्रॅमला ५ मिलीच्या आत काम झालं पाहिजे. टक्क्यांत सांगायचं तर ही मोकळी आम्लं साधारण पाव टक्का भरतात.

फिनॉल्फ्थॅलीन मिळालं नाही तर हळद आहेच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच इथे वापरायचं. हळकुंड घरी कुटून अल्कोहोलमध्ये भिजवा आणि गाळून घ्या. पिवळ्याचा तांबूस होतो. फक्त बायोडिझेल गडद असेल तर हा बदल नीट दिसत नाही, मग फिनॉल्फ्थॅलीनच बरं.

एका गोष्टीने मला चांगलंच फसवलं, ती नीट वाचा. गेल्या पावसाळ्यात एका घाण्याला ६.४ मिली लागले. म्हणजे ०.६४. कॅन बाजूला काढून ठेवला, दोन दिवस डोक्याला ताप. मग लक्षात आलं की द्रावण काही महिन्यांपूर्वीचं, बाटली अर्धी रिकामी, झाकण सैल. पोटॅश हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कमजोर झालं होतं आणि म्हणून जास्त लागत होतं. ताज्या द्रावणाने ४.६ मिली आले. बायोडिझेल चांगलंच होतं!

तेव्हापासून मी द्रावणच आधी तपासतो. स्फटिकी ऑक्झॅलिक ॲसिड १.१२ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं. त्यातल्या १० मिलीला पोटॅशचं द्रावणही १० मिलीच लागायला हवं. त्या जुन्या बाटलीला १४ मिली लागले होते. म्हणजे आलेल्या आकड्याला १४ ने भागून १० ने गुणायचं: ०.६४ चे ०.४६ होतात, ताज्या द्रावणाइतकेच. पोटॅशच्या गोळ्या पूर्ण शुद्ध नसतात, ती कसरही यातच निघते. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, बाटलीवर ठळक लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

खरोखरच आम्लांक जास्त आला तर आधी धुणं आठवा. व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल घालून धुतलं असेल तर बायोडिझेल बनताना तयार होऊन त्यात राहिलेला साबण फुटून पुन्हा फॅटी ॲसिड तयार होतं आणि ते बायोडिझेलमध्येच जातं. साबण आधी साध्या कोमट पाण्याने, न घुसळता, दोन-तीनदा धुऊन काढायचा. दुसरं कारण साठवण: ओलावा, ऊन आणि अर्धा रिकामा कॅन. तसला माल मी इंजिनात घालत नाही, पुढच्या घाण्याच्या कच्च्या तेलात थोडाथोडा मिसळतो आणि त्या मिश्रणाचं टायट्रेशन नव्याने करतो.

चाचणी बायोडिझेल धुऊन, पूर्ण सुकवून मगच करा. बनवताना घातलेलं मिथेनॉल राहिलेलं असेल तर जवळ शेगडी नको, आणि अल्कोहोललाही तेच लागू. साठवलेल्या कॅनची मी दर महिन्याला पुन्हा चाचणी करतो आणि कॅनवर चिकटपट्टी लावून तारीख आणि आकडा लिहितो. ०.४ च्या वर सरकायला लागला की तो कॅन आधी वापरायला काढतो.