वीज पडून म्हशी गेल्या, तर इंदूर जिल्ह्यात सरकारी मदत कशी मिळते?

आपण विचारलंय की हातोदजवळच्या गावी काल रात्री झाडाखाली बांधलेल्या दोन दुभत्या म्हशी आणि एक पारडू वीज पडून मेलं, पटवारी (तलाठी) "बघू" म्हणतात, तर मदत किती आणि कशी मिळेल. आधी एक करा: पंचनामा आणि पोस्टमॉर्टम होईपर्यंत जनावरं पुरू नका, जागेवरून हलवूही नका. अशी प्रकरणं बहुतेक पहिल्याच दिवशी बनतात किंवा बिघडतात.

मध्य प्रदेशात ही मदत राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 (महसूल खात्याचा आपत्तीतल्या मदतीचा नियम) खाली तहसिलीतून मिळते. पशुचिकित्सक फक्त मृत्यूचं कारण लिहून देतात, पण सगळा भार त्या एका ओळीवर असतो. पावसाळ्यात मेलेलं जनावर काही तासांत फुगतं. उशीर झाला की वीज पडली की पोटफुगीनं गेलं हे ओळखणं अवघड होतं, आणि रिपोर्टात पोटफुगी आली की मदत गेली. म्हणून आत्ताच 1962 या पशुसेवेच्या हेल्पलाईनवर किंवा जवळच्या पशु चिकित्सालयात कळवा. डॉक्टर येण्याआधी फोटो काढा: जळालेल्या केसांचा पट्टा, तोंडात तसाच राहिलेला चारा, झाडाची फाटलेली साल, आणि कानातला बारा अंकी टॅग वाचता येईल असा. टॅग काढू नका. विमा असेल तर कंपनीलाही आजच कळवा, तेही टॅगच मागतात. नाकातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर मात्र हात लावू नका आणि कापूही देऊ नका. तो फाशी रोगही (ॲन्थ्रॅक्स) असू शकतो, आणि तो माणसालाही होतो.

पटवाऱ्यांची वाट बघत बसू नका. तहसीलदारांच्या नावानं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक, फोटो. पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट मिळाला की तोही जोडा. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. तारीख, जागा, जनावरांची संख्या, "वीज पडून" हे शब्द आणि म्हशी दुभत्या असल्याचा उल्लेख हवा. भावाभावांत वाटणी झाली असेल तर टॅग ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावानं अर्ज करा. इथे नाव जुळलं नाही की फाईल परत येते.

रकमेचं म्हणाल तर केंद्राच्या आपत्ती मदतीच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासरा-पारडाला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 आहेत. त्या हिशेबानं आपले 95,000 होतात. एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरं तीनपर्यंतच धरतात, कितीही गेली तरी. चालू दर तहसिलीत विचारून घ्या. चांगल्या म्हशीच्या बाजारभावापुढे ही रक्कम फार तोकडी आहे आणि ती वाढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट नीट तपासा. जवळून विजेची लाईन जात असेल आणि तार तुटून म्हशी गेल्या असतील, तर 6-4 लागू होत नाही. तो दावा वीज वितरण कंपनीकडे जातो आणि त्याला विद्युत निरीक्षकांचा रिपोर्ट लागतो. महूकडच्या जंगलपट्ट्यात बिबट्यानं मारलं तर वन विभाग. चुकीच्या दारात अर्ज पडला की महिने जातात, आणि तोवर पुरावा उरत नाही.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) जा, नाहीतर मंगळवारच्या जनसुनवाईत (तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत) कलेक्टर ऑफिसला. 181 वर सीएम हेल्पलाईनची तक्रार टाकता येते. ती बंद करायला फोन येईल, "काम होऊन जाईल" म्हणून सांगतील. पैसे खात्यात दिसेपर्यंत समाधान झालं असं म्हणू नका.