लेकरू वाचतंय, पण ध्यानात राहत नाही

"मॅडम, लेकरू रात्रंदिवस पुस्तकात आहे. पण काहीच ध्यानात राहत नाही म्हणतंय. डोक्याची एखादी गोळी-बिळी असती का?"

वडील खुर्चीच्या कडेवर बसून विचारत होते. ब्राह्मीच्या गोळ्यांची रिकामी बाटली त्यांनी मला दाखवायला पिशवीतून आणली होती. लेक शेजारी मान खाली घालून बसलेली. तिला आपण मुक्ता म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्षी गुण कमी पडले, म्हणून लातूरला रिपीटरच्या बॅचला आलेली. हॉस्टेलवर स्मार्टफोनला बंदी, महिन्यातून एकदा वडील भेटायला येणार.

नीट असो, एमपीएससी असो की दहावी, माझ्यासमोर येणारी मुलं एकच वाक्य बोलतात: "वाचलेलं लक्षात राहत नाही, माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?" या प्रश्नाखाली एक भीती असते. आपल्यातच काहीतरी कमी आहे, ही. मुक्ताच्या बाबतीत ती भीती घट्ट बसली होती.

आधी झोपेचं विचारलं. रात्री एकला झोपायचं, पाचला उठायचं. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं व्हायला झोप लागते, त्यामुळे पहिली दुरुस्ती तिथेच होती. जेवण, पाळी, रडू येणं, कशातच मन न लागणं, हेही विचारून घेतलं. तिथे काही गंभीर दिसलं असतं तर मी अभ्यासाची पद्धत काढलीच नसती, आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. विसरण्यामागे कधी उदासीनता असते, कधी अंगात रक्त कमी असतं, आणि त्यावर अभ्यासाच्या युक्त्या चालत नाहीत.

मग म्हटलं, "तुझं जीवशास्त्राचं पुस्तक दाखव."

पुस्तक वापरून फुगलं होतं. श्वसनाच्या धड्यावर चार रंगांचे हायलायटर, समासात बारीक पेन्सिल. पानावर एक ओळ पांढरी उरलेली नव्हती. "किती वेळा वाचलास हा धडा?" "सात वेळा, मॅडम." मी पुस्तक मिटलं, कोरा कागद दिला आणि फुप्फुसातल्या हवेची मापं लिहायला सांगितली.

तिनं टायडल व्हॉल्यूम ५०० मिली झटकन लिहिलं. पुढे पेन थांबलं. रेसिड्युअलपुढे २५०० लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एक्स्पिरेटरी रिझर्व्हची जागा कोरीच राहिली. डोळे भरून आले. "मॅडम, तो तक्ता मला दिसतोय. उजव्या पानावर आहे, पिवळ्या रंगात. आकडे दिसत नाहीत."

तिचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. पान ओळखीचं झालं होतं, आकडे आठवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. आठव्यांदा वाचताना मन म्हणतं, "हे तर येतंय मला." प्रत्यक्षात ते नुसतं ओळखीचं असतं. रोज दिसणाऱ्या माणसाला आपण हात करतो, पण नाव विचारलं की अडतो, तसं. परीक्षेत तर नावच विचारतात.

तिला मी हेर्मान एबिंगहाउसची गोष्ट सांगितली. या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, मग किती उरलं ते मोजायचं. १८८५ साली त्यानं जे मांडलं त्यात तासाभरात निम्म्याहून अधिक गळून गेलेलं होतं, दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश उरलेलं. पुढे मात्र गळती मंदावत गेली. "एवढा मोठा माणूस, तोही विसरायचा?" मुक्तानं विचारलं. मी तिला तेच ऐकवायला बसले होते. विसरणं हा मेंदूचा रोजचा व्यवहार आहे. त्याला आजार समजून गोळी शोधू नये.

दुसरी गोष्ट २००६ सालची, अमेरिकेतली. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. मुलं फसतात ती इथेच, कारण वाचल्या वाचल्या बरं वाटतं आणि ते बरं वाटणंच आपण अभ्यास समजतो.

वडील इतका वेळ गप्प होते. ते गावच्या भजनी मंडळात आहेत हे बोलण्यात आलं होतं, म्हणून विचारलं, "दादा, तुम्हाला अभंग किती पाठ?" "मोजले नाहीत, लई असतील." "पुस्तक घेऊन पाठ केले का?" ते हसले. "कुठलं पुस्तक! म्हणायला उभं राहायचं. अडलं की शेजारच्यानं अर्धा शब्द द्यायचा, मग आपल्याला पुढचं सुधरायचं. एकादशीला अडलेलं पुढच्या एकादशीला अडत नव्हतं."

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. स्वतः आठवायचं, अडल्यावरच मदत घ्यायची, मध्ये दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा आठवायचं.

मुक्ताला हेच कार्डांवर करायचं होतं. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं १९७२ साली कार्डांची कप्प्यांची पेटी लोकांपुढे ठेवली, तीच आम्ही बुटांच्या खोक्यात पुठ्ठे लावून केली. पाच कप्पे. पहिला रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्यात. कार्डांसाठी वडिलांनी पुढच्या खेपेला घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला. कोरी बाजू बाहेर ठेवून कापायची आणि दुमडायची, वर प्रश्न, खालच्या घडीवर उत्तर. फोन असता तर अंकीसारखं अॅप हाच हिशेब स्वतः ठेवतं. पण हातानं लिहिलेलं कार्ड मला या वयात जास्त आवडतं, मूल त्याच्याशी थोडं भांडतं.

तीन आठवड्यांनी मुक्ता आली ती रडवेली. पेटी ठासून भरलेली. पंधरा दिवसांत पाचशेवर कार्डं केली होती, रोजची उजळणी अडीच तासांवर गेली होती, मध्ये दोन दिवस ताप आला आणि थकबाकीचा डोंगर झाला. "मॅडम, हेही मला जमत नाही."

चूक माझीही होती. किती करायची हे मी सांगितलंच नव्हतं. आता नवशिक्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगते: रोज नवी कार्डं पंधरा, फार तर वीस. कारण आज केलेलं प्रत्येक कार्ड पुढे चार-पाच वेळा वेळ मागणार आहे.

एक कार्ड उचललं. "वृक्काचं (मूत्रपिंडाचं) कार्य सांगा." खाली बारीक अक्षरात चौदा ओळी. असं कार्ड बरोबर आलं की चुकलं, हे ठरवायचं कसं? आम्ही दोघींनी मिळून ते फोडलं. "मिनिटाला किती रक्तद्रव गाळला जातो?" सुमारे १२५ मिली. "म्हणजे दिवसाला?" १८० लीटर. "त्यातलं लघवी म्हणून बाहेर किती?" जेमतेम दीड लीटर. ती थांबली. "मग बाकीचं सगळं परत शोषलं जातं?" सात वेळा वाचूनही हा प्रश्न तिला पडला नव्हता. तिला म्हटलं, आधी हे असं पडू दे, मग कार्ड कर. न समजलेलं कार्डावर उतरवलं की ते नुसता आकडा होऊन बसतं आणि पहिल्या कप्प्यातून हलत नाही. भौतिकशास्त्राच्या गणितांना तर पेटी लावूच नकोस, तिथे वहीच लागते.

निम्मी कार्डं आम्ही बाजूला काढली. थकबाकी एका दिवसात फेडायची नाही, रोज ठरलेली चाळीस मिनिटं झाली की पेटी बंद. आणि साडेदहाला झोप. झोपेवर ती सगळ्यात जास्त अडून बसली, पण तिथे मी ऐकलं नाही.

परीक्षा अजून व्हायची आहे. मागच्या आठवड्यात दोघं येऊन गेले. वडील पत्रिकेचे तुकडे लांब धरून एकेक प्रश्न वाचत होते, इंग्रजी शब्दांवर अडखळत, आणि ती ते शब्द सुधारून उत्तर देत होती. चौथ्या कप्प्यातलं एक कार्ड निघालं: रेसिड्युअल व्हॉल्यूम. तिनं छताकडे पाहिलं, ओठ हलले, आकडा आला नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मुक्तानं त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, ११०० ते १२०० वाचलं, "हां, दम सोडल्यावरही आत उरते ती," असं पुटपुटली आणि कार्ड पहिल्या कप्प्यात टाकून म्हणाली, "पुढचं विचारा, बाबा."